पिवळीचं भुरं शिंगरू

"समंद असतील तर बोला, आबा. कुमाईत आता फुकट दिले तरी नकोत," व्यापारी अंगणात उभ्या उभ्या म्हणाला आणि चहाला न थांबता गेला. चहा सुनेने, धाकटीने, चुलीवर चढवलेला होता. तो मग तिने आणि तिच्या नवऱ्याने घेतला. आबांनी आपला कप नुसता हातात धरला आणि त्यावर साय येईपर्यंत ते कुंपणाकडे बघत बसले.

घोड्यांच्या धंद्यात रंगांना नावं आहेत. तांबूस अंग आणि काळी आयाळ असेल तो कुमाईत. कामाला रगड आणि कुठेही मिळणारा. अंग पिकल्या गव्हाच्या रंगाचं आणि आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचे पाय काळेभोर असतील तो समंद. काम दोघंही सारखंच करतात आणि चंदीही दोघं सारखीच खातात. पण तळ्याकाठी सुट्टीला येणारी माणसं हल्ली घोड्यावर बसायची ती फोटोपुरती, आणि फोटोत समंद जसा उठून दिसतो तसा कुमाईत दिसत नाही. कुणाच्या फोटोपायी आपली पागा बुडावी, हे आबांच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं.

घरात आबा, त्यांचा धाकटा मुलगा, सून आणि नुकती शाळेत जायला लागलेली नात. थोरला मुलगा ट्रकवर होता, त्याचं बिऱ्हाड दुसरीकडे. तरी सुनेला सगळे धाकटीच म्हणायचे. ती घोड्यांच्या घरातली नव्हे, सुताराची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा घोडा नुसता फुरफुरला तरी दारामागे लपायची आणि आबा तिची मनसोक्त थट्टा करायचे. पुढे सगळं उलटंच झालं. एखाद्या अडेल घोडीला मोरकी चढवायची झाली की नवरा कोपऱ्यात घाम पुसत उभा असायचा आणि धाकटी घोडीच्या कानामागे खाजवत कधी दोर घालून मोकळी व्हायची ते कळायचंही नाही. "सुताराच्या पोरीला हात आहे," असं आबा परक्यांजवळ म्हणायचे. तिच्या तोंडावर कधी म्हणाले नाहीत, पण चुलीपाशी बसलेल्या बाईला ओट्यावरचं सगळं ऐकू येतं. त्या दिवशी तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

दावणीला एक समंद घोडा होता, बीजाचा. तीन कुमाईत घोड्या होत्या. आणि आबांनी लांबून शिंगरू म्हणून आणलेली पिवळी होती, समंद, यंदा पहिल्यांदाच भरवण्याजोगी, म्हणजे घोडा लावण्याजोगी झालेली. कुमाईत घोडीला समंद घोडा लावला की कधी समंद शिंगरू यायचं, कधी कुमाईत. त्याला काही धरबंध नव्हता. गेल्या खेपेला तर तिन्ही कुमाईत आली आणि व्यापाऱ्याने तोंड फिरवलं.

"यंदा नशिबावर सोडायचं नाही," आबा जेवताना म्हणाले. "पिवळीला आपलाच घोडा लावायचा. आई समंद, बाप समंद. दुसरा रंग येईलच कुठून?"

"कुठून येणार?" मुलगा म्हणाला.

धाकटीलाही ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्या बाजूला समंद मुळात थोडे. दोन समंदांची जोडी लावून काय होतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. ज्याला त्याला वाटायचं, पिवळ्याला पिवळं लावलं की पिवळंच.

पिवळी माजावर यायच्या सुमाराला नेमकी आबांची बहीण गेल्याचा निरोप आला. लांबचा पल्ला होता. निघताना आबांनी मुलाला बजावलं, "माझ्यासाठी थांबू नकोस. माज गेला की बसशील हात चोळत." ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी घोड्याला खरारा करताना मुलाला लाथ बसली. खांद्याचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्याने हात छातीशी आवळून बांधला. तो आतल्या खोलीत कण्हत पडला आणि बाहेर पिवळी शेपूट वर करून कुंपणाला अंग घासू लागली.

त्या घराचा एक रिवाज होता. घोडी भरवायची झाली की बायकांनी आत जायचं आणि दार लावून घ्यायचं. आवाज कानावर यायचे, पण बघायचं नाही, विचारायचं नाही.

"नालबंदाला बोलावू का?" धाकटीने नवऱ्याला विचारलं.

"तो फिरतीवर गेलाय."

"मग?"

"मग राहू दे. आबा आले की बघू."

"आबा येईपर्यंत माज राहील?"

नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. "तुला काय करायचंय ते कर. मला विचारू नकोस."

तिने पदर खोचला. मुलगी शाळेत गेलेली होती. पिवळीला तिने खांबाशी आखूड बांधलं, शेपटीला फडकं गुंडाळलं, लाथ मारू नये म्हणून मागच्या पायात दोर घातला. मग लांब दोर हातात ठेवून घोडा सोडला. पुरुष हे काम दोघंतिघं मिळून करायचे. तिच्या हातातून दोर सरकला तसं तळव्याचं कातडं सोलून निघालं, पण तिने तो सोडला नाही. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. पिवळीचे पुढचे गुडघे वाकायला लागले तसा धाकटीने तिच्या छातीला खांदा लावला आणि दोन जनावरांचं ओझं अंगावर घेतल्यासारखी दात आवळून उभी राहिली. घोडीचा गरम श्वास तिच्या मानेवर येत होता. "हो, माझी बाई, हो, झालंच," असं काहीबाही ती बडबडत होती. घोडा खाली उतरला. तिने घोडा बांधला, घोडीला फिरवलं, कुंपणाचं फाटक लावून त्याला वरून तार गुंडाळली आणि आत येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "झालं."

"हं," नवरा म्हणाला.

आबा आले. त्यांनी मुलाचा बांधलेला खांदा पाहिला, सुनेच्या तळव्यावरची चिंधी पाहिली. पुढचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ते रागावले नाहीत. पिवळी गाभण राहिली तशी रोज सकाळी आधी तिच्या पोटावर हात फिरवायचे आणि मगच तोंड धुवायचे. व्यापाऱ्याला त्यांनी निरोपही धाडला: पिवळीचं शिंगरू समंद येणार, शब्द देतो.

पिवळी पहाटे व्याली. धाकटी लीद काढायला गेली तेव्हा शिंगरू उभं राहण्याच्या खटपटीत होतं. उजाडत होतं, त्यामुळे आधी तिला वाटलं की ओलं आहे म्हणून असं दिसतंय. तिने गवताचा बोळा घेऊन त्याचं अंग पुसलं. पुसलं तरी ते तसंच. दुधावरच्या सायीसारखं भुरं अंग, गुलाबी नाक, आणि डोळे निळे. ती आबांना हाक मारायलाही विसरली.

आबा आले, मागून नाल ठोकायला आलेला नालबंदही आला. आबांनी शिंगराला नाकापासून शेपटीपर्यंत पाहिलं. पहिला बोलला तो नालबंद. त्याला गप्प बसवायचं नाही हा त्याचा स्वभावच होता.

"आबा, हे तर भट्टीवाल्याचं नाक!" तो म्हणाला आणि हसला.

ओढ्यापलीकडे वीटभट्टी होती. भट्टीच्या मालकाने सर्कशीतून काढलेला एक पांढरा घोडा हौसेने पाळला होता, गुलाबी नाकाचा, निळसर डोळ्यांचा. तो मोकळाच चरायचा. नालबंदाला फक्त विनोद करायचा होता. पण त्या विनोदाने धाकटीचं पुढचं सगळं ठरलं.

"फाटक उघडं टाकलं होतंस?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा. तार गुंडाळली होती."

"घोडी सुटली होती?"

"नाही."

"आपलाच घोडा लागला हे कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं. मीच दोर धरला होता."

"तुझ्याशिवाय कुणी?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो खांदा चोळत उभा होता. हाड केव्हाच सांधलं होतं, पण अडचणीच्या वेळी खांदा चोळायची त्याला सवय लागली होती.

"मी आत होतो," तो म्हणाला. "मला आतून काय दिसणार?"

दिसणार नव्हतं हे खरं. पण ऐकू तर आलं होतं. घोड्याचं खिंकाळणं, टापा, तिची बडबड, सगळं त्या खोलीत ऐकू येतं. धाकटी वाट बघत राहिली की आता हा तेवढं तरी म्हणेल. तो खांदा चोळत राहिला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ओट्यावर दप्तर घेऊन उभ्या असलेल्या मुलीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हिची शपथ घेऊन सांगते, आबा. आपल्याच घोड्याचं आहे."

"पोरीला कशाला मध्ये घेतेस?" आबा म्हणाले. "रंग समोर दिसतोय. दोन समंदांना असलं काही होत नसतं. बाईमाणसाने नको तिथे उभं राहिलं की हेच व्हायचं. दोर सुटला असेल, घोडी गेली असेल, आलीही असेल. भीतीने सांगितलं नसशील. मी समजू शकतो."

त्या समजून घेण्याचीच तिला जास्त चीड आली. मुलीला वाटलं आपलंच काही चुकलं. ती रडायला लागली आणि तशीच शाळेत गेली.

आबांच्या मनात शिंगराला दूध पिऊ द्यायचं नव्हतं. भुऱ्या, निळ्या डोळ्यांच्या शिंगराला कातडीवाल्याच्या हवाली करायचं आणि घोडी लवकर पुन्हा भरवायची, असं तिकडे पूर्वापार करत आले होते. त्यांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा पिवळीने लाथांनी फळ्या फोडल्या आणि स्वतःचा पाय रक्ताळून घेतला. पिवळी महागाची होती. तिच्या पायासाठी शिंगरू परत आत गेलं. त्याच्या जिवासाठी कुणी बोट उचललं नव्हतं, एक धाकटी सोडून. आणि तिचं बोट आता मोजण्यात नव्हतं.

"आजपासून घोड्यांना हात लावायचा नाही," आबांनी तिला सांगितलं. "लीद काढ, पाणी भर. दोर, मोरकी, खरारा, काही धरायचं नाही."

शिंगराचं नाव भट्टीवाला पडलं. पाडलं नालबंदाने, रुळवलं घराने. "भट्टीवाल्याला पाणी दाखवलं का?" "भट्टीवाला उन्हात कुणी बांधला?" दिवसातून कितीदा तरी ते नाव अंगणात फिरायचं आणि दर खेपेला धाकटीच्या कानशिलात बसल्यासारखं व्हायचं. मुलगीसुद्धा तेच नाव घ्यायची. तिला कोण कशाला सांगणार त्याचा अर्थ?

पिवळीला पुढच्या वेळी आबांनी स्वतः उभं राहून आपला घोडा लावला. फाटकाला कुलूप, नालबंद दोरावर, धाकटी दाराआड. शिंगरू आलं ते कुमाईत. आता याला काय म्हणणार, असं धाकटीच्या मनात आलं. तिला क्षणभर बरंही वाटलं. पण आबांनी त्यालाही उत्तर काढलं.

"घोडीला एकदा परका घोडा लागला की पुढची वीणही बिघडते," ते ओट्यावर बसून नालबंदाला सांगत होते. "रक्त नासतं. आता ही घोडी कायमची गेली."

म्हणजे न केलेल्या एका चुकीची दोन शिंगरं तिच्या नावावर जमा झाली. ती आत भाकरी थापत होती. तिने पीठ इतकं जोरात मळलं की परात घसरून खाली आली.

भट्टीवाला मात्र वाढत होता. उन्हात त्याचे डोळे मिटमिटायचे. गुलाबी नाक भाजून सोलून निघायचं आणि त्यावर माश्या बसायच्या. खराऱ्याला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, नाकाला औषध लावू नये असं कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी तेलात काजळी कालवून बोटाने त्याच्या नाकाला लावायची. काळ्या नाकाचा तो घोडा असा काही विचित्र दिसायचा की तिला एकटीला हसू यायचं. ती लीद ओढत असली की तो फळीवरून मान लांब करून तिच्या पाठीवर हनुवटी टेकायचा. त्याचं वजन पडायचं, कंबर दुखायची, तरी ती तशीच वाकलेली राहायची. त्या अंगणात तिच्या अंगावर विश्वासाने टेकणारं तेवढं एकच होतं.

तो मोठा झाला तसा घोडी दिसली की खिंकाळायला लागला, फळ्यांवर छाती आपटायला लागला. आबांनी नालबंदाला बोलावलं.

"खच्ची करून टाक. ओझ्याला तरी होईल."

"राहू द्या ना, आबा, तसाच," धाकटी पाण्याची बादली घेऊन उभी होती ती म्हणाली. का राहू द्यायचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

"कशाला? भट्टीवाल्याचा वंश वाढवायला?" आबा म्हणाले. नालबंद हसला. नवराही हसला, थोडासा.

सकाळचं गार होतं. घोड्याला मोकळ्यावर आणलं, पण नालबंदाच्या पिशवीचा वास येताच तो बिथरला. नवऱ्याला त्याने फाटकापर्यंत फरफटत नेलं. नालबंदाच्या पायावर टाप दिली. आबांनी वरच्या ओठाला दोरीचा फास लावायला हात घातला तर त्यांच्या बोटांना दात लागले. तिघंही धापा टाकायला लागले तेव्हा आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "धाकटीला बोलवा. तिचं ऐकतो तो."

ती तिथेच होती. बोलवायची गरज नव्हती.

तिने मोरकी धरली. किती दिवसांनी दोर तिच्या हातात आला होता. घोडा लगेच शांत झाला, फुरफुरत त्याने तिच्या काखेत नाक खुपसलं. तिने कानामागे खाजवलं, मान खाली ओढली, आणि "हो, माझ्या राजा, हो, झालंच," असं म्हणत त्याचे पुढचे गुडघे वाकवले. तो तिच्या शब्दावर आडवा झाला. मग तिघांनी झटक्यात पाय आवळले. ती त्याच्या मानेवर बसली, डोळ्यांवर पदर धरला. चाकू लागला तेव्हा त्या मानेतून जो आवाज निघाला तो तिच्या मांड्यांतून, पोटातून वर गेला. पदर सरकला होता, त्याखालचा निळा डोळा सताड उघडा होता आणि तिच्याकडेच बघत होता. तिने मान फिरवली. नालबंदाने काढलेलं कुत्र्याकडे फेकलं आणि हात मातीने पुसले.

"आता जा आत," आबा म्हणाले. "जखम भरेपर्यंत त्याच्या खणात जायचं नाही. माश्या बसतील."

लीदही तिथली नवराच काढायला लागला. धाकटी लांबूनच बघायची.

जखम भरली आणि व्यापारी आला. यंदा कुमाईत घोड्यांनी दोन समंद शिंगरं दिली होती, ती त्याने पाहिली, पसंत केली. बोलणं होऊन तो निघणार तेवढ्यात त्याची नजर मागच्या सावलीकडे गेली.

"तो कोण?"

"तो भट्टीवाला. ओझ्याला ठेवलाय," आबा म्हणाले. "लक्ष देऊ नका."

व्यापारी ऐकेना. "बाहेर काढा बघू."

नवऱ्याने घोडा उन्हात आणला. व्यापाऱ्याने त्याची आयाळ बोटांनी फाकवली, गुडघ्याखाली हात फिरवला, डोळ्यांत पाहिलं. त्याचा चेहरा बदलत चालला.

"आई कोण याची?"

आबांनी पिवळीकडे मान हलवली.

"आणि बाप?"

नवऱ्याने खांद्याकडे हात नेला.

"आपलाच समंद," धाकटी म्हणाली. डोक्यावर लिदेची पाटी होती, ती तिने खाली ठेवली नाही.

"तू गप्प बस," आबा म्हणाले.

"गप्प कशाला? बरोबर सांगतायत त्या," व्यापारी म्हणाला. "इकडे या, आबा. पांढऱ्याचं नव्हे हे जनावर. पांढऱ्याचं असतं तर आयाळ दुधासारखी असती. हिला गंजाची झाक आहे बघा. पायालाही आहे. काळा रंग होता तिथे, तो फिका होऊन गंजासारखा झालाय." तो हरखून बोलत होता, आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नाही याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. "असं धरा. कुमाईत रंगात एक माप दूध पडलं की समंद होतो. दोन मापं पडली की हा असा होतो. तुमच्या पिवळीकडे एक माप, घोड्याकडे एक माप. दोघांनीही आपलं माप दिलं तर असं भुरं. एकानेच दिलं तर समंद. कुणीच दिलं नाही तर कुमाईत. शिंगराला आई एक माप देते, बाप एक देतो; ते दुधाचं असेल, नाहीतर साधं. हल्ली मुळासकट केस पाठवले की तपासून सांगतात."

"कुणीच दिलं नाही तर कुमाईत," आबा हळूच म्हणाले.

"म्हणजे ठरलेलंच आहे ते. आणि याच्याकडे दोन्ही मापं दुधाचीच. हा कुणालाही लावला तरी एक माप देणारच, दुसरं काही याच्याजवळ नाहीच द्यायला. तुमच्या कुमाईत घोड्यांना हा लावला तर दर शिंगरू समंद. एखादं सोनेरी निघेल. पण कुमाईत म्हणून एकही नाही. असल्या एका घोड्यासाठी मी कुठे कुठे पायपीट केली, आणि तुम्ही याला..."

बोलता बोलता तो वाकला, मागच्या पायांमध्ये पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला. मग उठून हात झटकले.

"कधी केलंत?"

"झाले थोडे दिवस," नवरा म्हणाला.

"अरेरे," व्यापारी म्हणाला.

धाकटीला वाटायचं की एक ना एक दिवस खरं कळेल आणि त्या दिवशी आपण या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून उभ्या राहू. तो दिवस आला होता, ती उभीही होती, आणि डोक्यावर लिदेची पाटी तशीच होती. ज्या रंगाने तिला खोटं पाडलं तोच रंग तिच्या खरेपणाचा पुरावा होता. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चारा खात वाढला होता. आणि त्याला गुडघे टेकायला लावलं होतं ते तिने.

आबा खांबाला धरून उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग ते तिच्याकडे वळले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

धाकटीला आधी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं.

"सांगितलं होतं, आबा. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं."

"तसं नव्हे. नीट, पटेल असं सांगायचं. माणूस रागात असतो. घरातल्या माणसानेच जोर धरला नाही तर बाहेरून कोण येणार सांगायला?"

व्यापाऱ्याने खाकरून घसा साफ केला आणि चहाचं काय, असं विचारलं. त्याला यातून सुटायचं होतं. धाकटीने पाटी उकिरड्यावर रिकामी केली, हात धुतले आणि चहा केला. आज आबांनी तो संपवला. व्यापारी दोन समंद शिंगरं घेऊन गेला, जाताना भुऱ्या घोड्याकडे पुन्हा एकदा बघून च्यक च्यक करत गेला.

ऊन कलल्यावर आबा ओट्यावरून म्हणाले, "धाकटे, उद्यापासून दावण तूच बघ. मोरकी, चंदी, घोड्या भरवणं, सगळं."

"मीही तेच म्हणणार होतो," नवरा म्हणाला.

ती उंबऱ्यात थांबली. यापुढे अजून एक वाक्य येईल, असं तिला वाटलं. छोटंसं असतं तरी चाललं असतं. आबांनी पायावरची माशी हाकलली आणि नवऱ्याकडे कोंड्याची चौकशी केली.

ती बादली भरून मागच्या खणात गेली. आडवी फळी सरकवली आणि नेहमीसारखी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. घोड्याने मान वर केली. तिने हात पुढे केला तसा तो मागे सरला, सरत सरत भिंतीला पाठ लागेपर्यंत. कान मागे पाडले. कातडी थरथरत होती. नाक पुन्हा सोललेलं होतं, इतक्या दिवसांत त्याला कुणी तेल लावलं नव्हतं.

"अरे, मी आहे," ती म्हणाली. "मीच आहे रे."

तो तिच्याकडे बघत होता. ती आणखी एक पाऊल पुढे गेली तेव्हा त्याने मागचा पाय उचलून धरला. त्याला कोण आहे ते चांगलं कळलं होतं. तिने बादली जमिनीवर ठेवली, पाठमोरी न होता बाहेर आली, फळी लावली. तरी तो हलला नाही. ती भिंतीच्या कडेला, त्याला दिसणार नाही अशी जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे त्याने पाण्याला तोंड लावलं.